मामाकडे राहणं आणि मामाला खपवून घेणं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत स्पर्धा परीक्षांच्या पानावर इंग्रजी क्रियापदांची यादी येते. गेल्या आठवड्यात त्यात ‘पुट अप विथ – सहन करणे’ अशी ओळ होती. ओळ चुकीची नाही. पण हीच ओळ पाठ असलेल्या एका मुलीचं पुढे काय झालं, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी पाटण तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेत शिकली. पदवीनंतर नोकरीसाठी पुण्याला मामांकडे जाऊन राहिली. पहिल्याच मुलाखतीत तिला कुठे राहतेस म्हणून इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, ‘आय अ‍ॅम पुटिंग अप विथ माय अंकल.’ समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांतला एक हसत चक्क मराठीत म्हणाला, ‘मामा इतका त्रास देतो का?’ पोरीला काहीच कळलं नाही. पुढच्या प्रश्नांना तिच्या तोंडून शब्द फुटेना. रात्री तिने मला फोन केला. ‘काकू, मी काय चुकीचं बोलले?’

‘पुटिंग अप’ हा शब्द तिला मीच दिला होता. मी जिल्हा परिषदेत ३४ वर्षं नोकरी केली आणि २०१९ मध्ये वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. आमच्या कचेरीत हे क्रियापद दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं. साहेब कागदाच्या समासात हिरव्या शाईने ‘पुट अप’ एवढंच लिहून खाली सही ठोकायचे. त्याचा अर्थ, टिपणी लिहून प्रकरण सादर करा. आम्हीही ‘फाइल पुट अप केली’ असंच बोलायचो आणि टिपणीच्या शेवटी मात्र शुद्ध मराठीत ‘मान्यतेस्तव सादर’ लिहायचो. दौऱ्यावर कोणी अधिकारी आले की ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ असं विचारलं जायचं, म्हणजे मुक्काम कुठे, विश्रामगृहावर की आणखी कुठे. हा मुक्कामाचा अर्थ जुन्या इंग्रजीतला. इंग्लंडात तो आता मागे पडला, आपल्याकडे टिकून आहे. त्यामुळे पोरीचं ‘पुटिंग अप’ चुकलं नव्हतं. घात केला तो ‘विथ’ने.

आणि तो ‘विथ’ आला कुठून? मराठीतून. आपण ‘मामांसोबत राहते’ म्हणतो. ‘सोबत’ला ‘विथ’ हे तिने शाळेत घोकलेलं. तिने आपलं वाक्य प्रामाणिकपणे इंग्रजीत नेलं आणि वाटेत अर्थ पार उलटला. मामांच्या घरी मुक्काम आहे म्हणायचं होतं, निघालं ते ‘मी मामाला कसंबसं चालवून घेते आहे.’ ‘अ‍ॅट माय अंकल्स’ म्हटलं असतं तर कोणी हसलं नसतं. ‘माय अंकल पुट मी अप’ म्हटलं असतं तर मामांनी मला ठेवून घेतलं, असा चांगला अर्थ झाला असता. गंमत वाटण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण याच मुलीने दहावीत गाळलेल्या जागेत ‘पुट अप विथ’ अचूक भरलं होतं. गुण मिळाले, पण पाठ केलेलं ते तोंडातल्या वाक्यापर्यंत पोचलंच नाही. मला इंग्रजी पाचवीत भेटलं. तिला पहिलीपासून, कारण आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आलं. तरी दोघी अडलो एकाच ठिकाणी.

माझं म्हणणं असं की ‘सहन करणे’ हा अर्थच फार ढोबळ आहे. घरात माणूस गेल्याचं दुःख आपण सहन करतो, त्याला इंग्रजीत ‘पुट अप विथ’ म्हणत नाहीत. हे क्रियापद कुरकुरीचं आहे. शेजारचा भोंगा, एसटीतली रेटारेटी, वरिष्ठांचा चढा आवाज अशा गोष्टींचं. ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ म्हणजे ‘मी हे खपवून घेणार नाही.’ ‘खपवून घेणे’, ‘चालवून घेणे’ हे आपले रोजचे शब्द यादीत का येत नाहीत? माझ्या सासूबाईंनी गुडघेदुखी अकरा वर्षं अंगावर काढली. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी दोन्ही पाय टेकत उतरायच्या, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की ‘बघू पुढं’ म्हणायच्या. हे ‘अंगावर काढणं’ म्हणजे अगदी ‘पुट अप विथ द पेन’. पुतणीला एवढं सांगितलं आणि ती फोनवरच म्हणाली, ‘काकू, आत्ता समजलं.’

इंग्रजीतले ‘अप’, ‘ऑफ’, ‘विथ’ अर्थ फिरवतात म्हणून मुलं घाबरतात. पण आपलंही तेच चालतं. क्रियापद एकच, ‘येणे’. कुत्रा अंगावर येतो, मित्राला जामीन राहिलेलं अंगाशी येतं, जत्रेत कुणाच्या अंगात येतं. प्रत्यय बदलला की जग बदललं, आणि हे शाळेत न गेलेल्या आपल्या आजीलाही येतं. तेच ‘पुट अप’चं. छत्री उघडणं, तंबू ठोकणं, दर वाढवणं, उमेदवार उभा करणं, घर विक्रीला काढणं, सगळं त्यातच. अमेरिकेत तर लोणची घालून बरण्या भरणं हेसुद्धा ‘पुट अप’. आपण लोणचं ‘घालतो’, जेवायला ‘घालतो’, वाद ‘घालतो’, सदरा ‘घालतो’. ज्या मुलाची या चार ‘घालणे’मध्ये कधी गल्लत होत नाही, त्याला ‘पुट अप’ अवघड का जावं? त्याच्यासमोर त्याच्याच भाषेतून वाक्यं ठेवायला हवीत, एवढंच.

म्हणून विनंती आहे की आठवड्याला वीस क्रियापदं देऊ नका. दोनच द्या, पण प्रत्येकाची पाच-सहा वाक्यं द्या, खरी, घरातली, बाजारातली, आणि शेजारी त्याच प्रसंगाला आपण मराठीत जे म्हणतो ते. मुलाखती घेणाऱ्यांनाही सांगणं आहे, समोरच्या मुलीचा अर्थ तुम्हाला कळला असेल तर हसू नका, पुढचा प्रश्न विचारा.

पुतणीने आणि मी यासाठी एक दोनशेपानी वही केली आहे. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी. ती दर रविवारी फोनवर वाचून दाखवते. नुसत्या ‘अंगा’ची आतापर्यंत एकोणीस वाक्यं झाली आहेत. आपल्या पानाला उपयोग होणार असेल तर उतरवून पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त वरिष्ठ सहायक, कराड