अर्धवट लीग आणि स्ट्रासबुर्गचा दहावा क्रमांक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

करोनामुळे 'लीग १' या फ्रान्सच्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा २०१९-२०चा हंगाम मध्येच गुंडाळला गेला आणि पीएसजीला (पॅरिस सेंट-जर्मेन) विजेतेपद आयतं मिळालं, अशा अर्थाचा मजकूर आपल्या क्रीडा पानावर वाचला. विजेतेपदावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पीएसजीचे २७ सामन्यांत ६८ गुण होते, दुसऱ्या मार्सेचे २८ सामन्यांत ५६. बघण्यासारखं जे आहे ते गुणतक्त्याच्या पोटात आणि तळाला. पुण्यात दरवर्षी एखादी तरी स्थानिक लीग पावसामुळे, परीक्षांमुळे किंवा मैदान हातचं गेल्यामुळे अर्धवट राहते. म्हणून आयोजकांनी हा हंगाम कागद-पेन्सिल घेऊन एकदा तपासावा.

२८ एप्रिल २०२० रोजी पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी हंगाम पुन्हा सुरू होणार नसल्याचं जाहीर केलं. ३० एप्रिलला लीगने अंतिम क्रमवारी लावली. ३८ पैकी २८ फेऱ्या झाल्या होत्या, पण त्यातला स्ट्रासबुर्ग-पीएसजी हा ७ मार्चचा सामना पुढे ढकललेला. म्हणजे ३८० पैकी २७९ सामने पूर्ण आणि दोन संघांचा एकेक सामना कमी. त्यामुळे नुसते गुण मोजून भागेना. मिळालेले गुण भागिले खेळलेले सामने, असा हिशेब धरला गेला.

आता दहावा आणि अकरावा क्रमांक पाहा. स्ट्रासबुर्गचे २७ सामन्यांत ३८ गुण, सरासरी १.४१. आँजेचे २८ सामन्यांत ३९, सरासरी १.३९. एक गुण कमी असूनही स्ट्रासबुर्ग वर. पण राहिलेला सामना कुणाशी होता? थेट पीएसजीशी! तो खेळून हरले असते तर ३८ भागिले २८ म्हणजे १.३६, आणि आँजे वर गेलं असतं. बरोबरी झाली असती तर दोघांची सरासरी सारखी. सर्वांत अवघड सामना न खेळल्याचा फायदा झाला, ही या पद्धतीतली मोठी खोट. भागाकाराला प्रतिस्पर्धी कोण होता हे कळत नाही.

दहाव्या-अकराव्या जागेने कुणाचं पोट भरत नाही म्हणा. सहाव्या-सातव्याने भरतं. राँसचे ४१ गुण, ल्योंचे ४०, दोघांचेही २८ सामने. राँस युरोपा लीगला, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालोखालच्या युरोपीय स्पर्धेला, गेलं आणि ल्यों बाहेर राहिलं. त्याच ल्योंने ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये युव्हेंटस आणि मँचेस्टर सिटीला घरी पाठवलं!

तळाला तर प्रकरण कोर्टात गेलं. आमियाँ २३ गुणांवर, तुलूझ १३ वर, दोघांची पदावनती, म्हणजे खालच्या श्रेणीत रवानगी. आमियाँच्या वर, अठराव्या क्रमांकावर, निम होतं, २७ गुणांवर. फरक चार गुणांचा आणि अजून ३० गुणांचे सामने बाकी. शिवाय अठराव्या संघाला जागा टिकवण्यासाठी खालच्या श्रेणीतल्या संघाशी खेळावा लागणारा प्लेऑफच रद्द झाल्यामुळे निम न खेळता वाचलं. ९ जूनला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हंगाम संपवण्याचा निर्णय कायम ठेवला, पण पदावनती स्थगित केली. मग पुढच्या वर्षी २० ऐवजी २२ संघ घ्यावेत का, यावर मतदान झालं. लीगने ते नाकारलं आणि आमियाँ-तुलूझ खालीच गेले. नेदरलँड्सने याच काळात विजेताही ठरवला नाही आणि कुणाला खालीही ढकललं नाही. माझ्या मते दोन्ही चाललं असतं. नियम आधी लिहिलेला नव्हता, दुखणं तिथं आहे.

आपल्याकडे नियमपत्रिकेत काय हवं? लीग 'पूर्ण' धरायला किमान किती सामने हवेत हा आकडा आधी ठरवा. प्रत्येक संघ दुसऱ्याशी निदान एकदा खेळलेला असावा, ही अट सगळ्यांत सोपी. त्याच्या आत लीग थांबली तर विजेता नाही, पदावनती नाही, प्रवेश शुल्काचं काय करायचं तेही तिथंच लिहा. सरासरी काढताना दशांश तोडू नका, तिरका गुणाकार करा: ३८ गुणिले २८ म्हणजे १०६४, ३९ गुणिले २७ म्हणजे १०५३, स्ट्रासबुर्ग वर. एका दशांशावर आणून (दोघांचे १.४) 'सारखेच आहेत' म्हणणारे पंच पुष्कळ भेटतात. वॉकओव्हर हा खेळलेला सामना धरायचा की नाही हे स्पष्ट करा, कारण न धरल्यास भाजक बदलतो आणि न आलेला संघच फायद्यात राहतो. बरोबरीत आपसातला निकाल पाहायचा असेल तर दोन्ही फेऱ्यांचे सामने झालेले असले तरच. एकच झाला असेल तर गोलफरक.

हे सगळं एका पानात मावतं. ते पान पहिल्या सामन्याआधी सगळ्या कर्णधारांच्या सहीसह प्रवेशअर्जाला जोडावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला नियम धरू नये.

– एक गुणलेखक, सहकारनगर, पुणे