चाक कशाने मोडलं, तेही छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या, ट्रेनिंगचं छोटं विमान उतरताना पुढचं चाक मोडलं, तांत्रिक बिघाड, सुदैवाने जीवितहानी नाही. त्या विमानात माझा नातू होता, मुलीचा मुलगा. हनुवटीला तीन टाके पडले, तेवढ्यावर निभावलं म्हणून देवापुढे साखर ठेवली, पण तो "तांत्रिक बिघाड" शब्द काही डोक्यातून जाईना. मी आयुष्यभर बसच्या वर्कशॉपमध्ये काम केलंय साहेब, बिघाड असा एकाएकी येत नाही, तो आधी आवाज करतो, थरथरतो, तेल गाळतो, कोणीतरी ऐकावं लागतं.

आणि इथे तर ऐकू येत होतं! नातू सांगतो की चार दिवस विमान टेकलं की पुढचं चाक वळवळायचं, पायाखाली पेडलला कळायचं. या सेसना विमानांच्या पुढच्या पायात तेल आणि हवेचा शॉक अब्सॉर्बर असतो आणि चाकाची वळवळ थांबवायला एक छोटा डँपर असतो, त्यातलं तेल गळालं किंवा जोडाचा बोल्ट झिजला की चाक असंच करतं, मग प्रत्येक वेळी टेकताना धक्का तिथेच बसतो. पोरानं तोंडी सांगितलं, उत्तर मिळालं उड्डाणाचे स्लॉट भरलेत, शनिवारी बघू. रजिस्टरमध्ये कोणी लिहिलंच नाही, कारण एकदा लिहिलं की इंजिनिअरने दुरुस्त करून सही केल्याशिवाय विमान उडवता येत नाही. शुक्रवारी चाकाचा पाय दुमडला, नाक खाली गेलं, नाकावरचा फिरता पंखा रनवेला लागला. पंखा असा आपटला की आख्खं इंजिन खोलून तपासावं लागतं, म्हणजे एक दिवस वाचवायला गेले आणि काय झालं बघा.

अजून एक गोष्ट मला खटकते. या विमानांची तपासणी तासांवर होते, 50 तास, 100 तास. पण शिकणारी मुलं एका तासात पाच-सहा वेळा टेकवतात आणि परत उडतात, ती पण नवखी, जोरात टेकवणार. चाक तासांनी झिजत नाही, टेकण्याने झिजतं. शहरात दर स्टॉपला थांबणाऱ्या बसचे ब्रेक आणि हायवेवरच्या बसचे ब्रेक आम्ही एकाच किलोमीटरला बघत नव्हतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन ट्रेनिंग विमानं पडली, ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या मध्य प्रदेशात गुना इथे सेसना 152 पडून दोन पायलट जखमी झाले, ऑगस्ट 2025 मध्ये परत बारामतीला उतरताना पुढचं चाकच निघालं. प्रत्येक वेळी दोन दिवस बातमी आणि मग शांतता. विमान अपघात तपास ब्युरोचे रिपोर्ट वेबसाइटवर येतात, आणि त्यात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की हा तपास दोष द्यायला नाही, पुढचा अपघात टाळायला आहे. पण रिपोर्ट येईपर्यंत कित्येक महिने जातात, असतो इंग्रजीत, ज्यांची मुलं तिथे शिकतात ते आईबाप तो कधी वाचणार? कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात, लोकं प्लॉट विकून, कर्ज काढून फी भरतात, म्हणून मुलंही घाबरतात, या विमानात बसत नाही म्हटलं तर उडायचा नंबर मागे जाईल.

म्हणून हात जोडून विनंती, अपघाताची बातमी छापता तशी रिपोर्ट आल्यावर कोणता बोल्ट, कोणती तपासणी राहिली, तेही आपल्या भाषेत छापा, चार ओळीच चालतील.

नातू पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, आई नको म्हणतेय, तो ऐकत नाही. मी त्याला एवढंच सांगितलंय की चाक वळवळलं तर तोंडी बोलू नकोस, रजिस्टर माग आणि तारीख, वेळ घालून स्वतः लिही.

आपला,
एक जुना मेकॅनिक, रामबाग, इंदूर