रेडिओथेरपी शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून मी रुजू झाले, हे तुम्हाला फोनवर सांगितलं, पण आभार मानायचे राहून गेले. तुम्ही मानूही दिले नसतेत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. ‘लाइट’, म्हणजे कर्करोगावरचं रेडिएशन, घेऊन बऱ्या झालेल्या पेशंटना डॉक्टरांचं नाव पाठ असतं. फिजिसिस्टनी केलेला किरणांचा प्लॅन आठवड्यातून पाच दिवस त्यांच्या अंगावर मिलिमीटरच्या हिशोबात उतरवणारी माणसं मात्र कुणाला फारशी ठाऊक नसतात.

तुम्ही दिलेली एक शिकवण मी रोज वापरते. पेशंटच्या कातडीवर काढलेला मार्क लेझरच्या रेघेवर बसत नसला की नवशिक्याचा हात आधी कातडीकडे जातो. जरा ओढली की रेघ जुळते. तुम्ही म्हणायचात, “कातडी ओढू नकोस. आत हाड कुठे आहे, माणूस सरळ झोपलाय का, ते बघ.” मग तुम्ही पायाकडे जाऊन उभ्या राहायचात, कंबर वाकडी आहे का बघायचात, पेशंटला पुन्हा उठवून झोपवायचात. बाहेर कितीही रांग असो.

स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंटचा सेटअप तर मी तुमच्याकडे बघूनच शिकले. ऑपरेशननंतर खांदा आखडलेला असतो आणि हात डोक्याच्या वर न्यायचा असतो. 40 ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक), 15 फ्रॅक्शन (रोजचा एकेक हप्ता), म्हणजे तीन आठवडे रोज तेच दुखणं. तुम्ही हात कधीच ओढून वर नेला नाहीत. कोपराखाली आधार द्यायचात, गावाकडची चौकशी करायचात, आणि बोलता बोलता हात वर पोचलेला असायचा. चादर लागेल तेवढीच सरकवायची, लेझर बघून झाले की लगेच पांघरायची, हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. मला ते परीक्षेपेक्षा मोठं वाटतं.

तोंडाच्या कर्करोगाच्या पेशंटचंही तसंच. आपल्याकडे तंबाखूमुळे ते किती येतात! सहा-साडेसहा आठवड्यांच्या उपचारात तोंड सोलवटतं, जेवण सुटतं, वजन उतरतं, आणि डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट बसवलेला मास्क सैल होतो. मास्कच्या आत बोट सहज जायला लागलं की तुम्ही तिथेच थांबायचात, डॉक्टरांना बोलवायचात, गरज असेल तर नवा मास्क, नवा सीटी. गळ्याशी पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू इतका जवळ असताना ‘चालेल’ हा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

किरणोत्सारी कोबाल्टच्या जुन्या धर्तीच्या मशिनवरही तुम्ही आम्हाला बसवलंत, विजेवर किरण तयार करणारं लिनॅक शेजारीच असताना. कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का डोस उतरतो आणि ट्रीटमेंटचा वेळ तेवढा वाढवावा लागतो. ते गणित हाताने केल्यामुळे आज स्क्रीनवरचा आकडा चुकीचा वाटला तर मला लगेच खटकतं. सोर्स, म्हणजे मशिनमधला कोबाल्ट, परत आत न जाता अडकला तर काय, याची उजळणी तुम्ही इतक्या वेळा करून घेतलीत की उत्तर झोपेतही येईल: आधी पेशंट बाहेर, मग दार बंद, मग फोन.

आणि बाबांसाठी तुमचे वेगळे आभार. मुलगी रेडिएशनमध्ये काम करणार म्हटल्यावर घरी रडारड झाली होती. उद्या लग्न, मुलंबाळं, कसं व्हायचं? तुम्ही त्यांना बोलावून बंकरच्या, म्हणजे मशिनच्या खोलीच्या, जाड काँक्रीटच्या भिंती दाखवल्यात, आत कुणी राहिलं नाही याची खात्री करून दाबायचं बटण दाखवलंत, दार लागल्याशिवाय बीम सुरूच होत नाही हे करून दाखवलंत. अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा छातीवरचा टीएलडी बॅज त्यांच्या हातात दिलात. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या रेडिएशनचं माप) ही अशा कर्मचाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा, आणि तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतले बॅजचे आकडे तिच्या जवळपासही गेलेले नाहीत, हे कागद काढून दाखवलंत. शेवटी स्वतःच्या दोन्ही मुलांचे फोटोही. तो तास तुमच्या जेवणाच्या सुट्टीतला होता, हे मला नंतर कळलं.

बाबा आता ओळखीतल्या बारावी सायन्सच्या मुलांना हा कोर्स सुचवत असतात. दिवाळीत ते आणि आई तुमच्याकडे यायचं म्हणताहेत. कुठला दिवस सोयीचा, तेवढं कळवा.

तुमची विद्यार्थिनी