टाइल्स शेवटी, गळती आधी

महोदय,

वर्षानुवर्षे बंद असलेला उघड्यावरचा जलतरण तलाव सुरू करायचे ठरले की पहिली चर्चा होते ती टाइल्सच्या रंगाची. पण असे तलाव बहुतेकदा बंद पडतात ते गळती, पाइप आणि फिल्टर यांच्यामुळे, आणि त्यांवर नव्या टाइल्सचा काडीचाही उपयोग नाही.

दुसरी घाई तलाव रिकामा करण्याची. भूजल तळापेक्षा 1 मीटर वर असेल, तर ते तळाला दर चौरस मीटरमागे सुमारे 1 टन जोराने वर ढकलते. 20 सेंटिमीटर जाड काँक्रीटचे वजन तेवढ्याच जागेत जेमतेम अर्धा टन भरते. आतले पाणी काढले की तळ फुगतो, तडकतो. क्वचित अख्खा तलावच वर उचलला जातो. म्हणून पावसाळा टाळावा, शेजारी खड्डा घेऊन भूजलाची पातळी पाहावी आणि मगच उपसा सुरू करावा.

उपशाआधी गळती मोजावी. नंतर ती संधी नाही. पायरीवर बादली ठेवून तिच्यातले आणि तलावातले पाणी एका पातळीत आणावे. 24 तासांत बादलीतले उतरले ते बाष्पीभवन, तलावातले त्याहून जास्त उतरले ती गळती. हे पंप बंद ठेवून आणि चालू ठेवून, दोन्ही प्रकारे करावे. चालू असताना गळती वाढली तर संशय पंपापुढच्या, दाबाच्या पाइपवर. पाणी उतरत जाऊन एका ठिकाणी थांबले तर भोक बहुधा त्याच उंचीवर असते. पाण्याखालच्या दिव्याच्या वायरची नळी तर हमखास गळते आणि हमखास विसरली जाते.

तलावाच्या काठावरून ओसंडणारे पाणी जिथे जमते त्या, गाळ साचलेल्या बॅलन्सिंग टँकमध्ये हवा खेळवल्याशिवाय आणि वायू तपासल्याशिवाय कोणालाही उतरवू नये. कुजलेल्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड जीव घेतो.

टाइल्स ठोकून पाहाव्यात. बद्द वाजतील त्या सगळ्या काढाव्यात. भेग वरून लिंपून भागत नाही. ती खोल कापून न आकसणाऱ्या मसाल्याने भरावी, मग पॉलिमरयुक्त सिमेंटच्या लेपाचे दोन हात द्यावेत, दुसरा पहिल्याला आडवा. लेप पक्का झाल्यावर तलाव भरून 7 दिवस ठेवावा आणि तेव्हाही बादली ठेवावीच. कंत्राटदार नेमका हाच आठवडा वाचवतो.

फिल्टरचे गणित सोपे आहे. 25 बाय 12.5 मीटर आणि सरासरी 1.5 मीटर खोल तलावात सुमारे 4,70,000 लिटर पाणी मावते. ते 6 तासांत एकदा फिरवायचे तर ताशी 78 घनमीटर प्रवाह लागतो. फिल्टरमधल्या वाळूतून पाण्याचा ताशी 30 मीटर वेग धरला, तर 2.6 चौरस मीटर क्षेत्राचा फिल्टर हवा. जुन्याच फिल्टरला मोठा पंप जोडला की मळ वाळूतून आरपार जातो आणि पाणी गढूळच राहते. तळाचे शोषणाचे तोंड एकच असेल तर याच वेळी दोन करावीत, एकमेकांपासून दूर आणि फुगीर जाळीची. एकावर अंग टेकले तरी माणूस ओढला जाऊन अडकत नाही.

तलाव चालवणाऱ्यांना विनंती एवढीच, की 7 दिवसांची ही चाचणी निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहावी आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय टाइल्सचे काम सुरू करू देऊ नये.

– जलतरण तलावांची दुरुस्ती व देखभाल करणारे