कॅलेंडरवरचे युनिट

महोदय,

वीज वाचवा, ही पाटी आमच्या सोसायटीच्या जिन्यात कित्येक वर्षं आहे. तिच्यामुळे कुणी एक दिवा बंद केल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या घरात फरक पडला तो सातवीतल्या नातीमुळे. दर रविवारी ती मीटरचा आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो, हे तिनंच आजोबांना समजावलं. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट संपतं. हे कळल्यापासून आंघोळीला जाणारा आधी पाणी तापलंय का बघतो आणि बटण बंद करूनच आत शिरतो! पंचाहत्तर वॉटचा जुना पंखाही बदलला. नवा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो.

बिल महिना उलटल्यावर येतं, तोवर वीज वापरून झालेली असते. वीज कंपन्यांनी पंधरा तारखेलाच ‘आजवर इतके युनिट, शंभराला इतके बाकी’ असा मेसेज मोबाइलवर पाठवावा, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, सातारा