हरकतीच्या पत्रांनी वाचलेले जंगल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानमधील शिराकामी-सांची डोंगररांगेवर लेख आला. आओइके तळ्याचे निळेशार पाणी, शरदातली सोनेरी पाने, जायचे कसे, राहायचे कुठे, सगळे त्यात होते. ते जंगल आज जागेवर का आहे, तेवढे मात्र राहून गेले. मुलगी नोकरीनिमित्त सेंदाईला असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मला तिथे जाता आले. म्हणून हे पत्र.

होन्शू बेटाच्या उत्तरेला, आओमोरी आणि अकिता प्रांतांच्या सीमेवर हे बीच वृक्षांचे जंगल आहे. बीचला जपानीत बुना म्हणतात आणि ते लिहिण्याच्या एका चिन्हात ‘झाड’ आणि ‘नाही’ अशा दोन खुणा आहेत. लाकूड वाकते, लवकर कुजते, म्हणून हे झाड बिनकामाचे, असा त्याचा अर्थ तिथे सांगतात. युद्धानंतर बुनाची जंगले तोडून इमारती लाकडाचे सुगी वृक्ष लावले गेले, ते याच हिशेबाने.

आम्ही गेलो तेव्हा वरच्या भागात गुडघाभर बर्फ होता. पण प्रत्येक बुंध्याभोवती विहिरीसारखा गोल खड्डा पडून खालचा काळा पाचोळा दिसत होता. ऊन खाऊन तापलेल्या खोडाजवळचा बर्फ आधी वितळतो. मग पाऊस आला. फांद्याफांद्यांवरचे पाणी एकत्र होऊन करड्या, गुळगुळीत सालीवरून खाली उतरू लागले आणि त्या खड्ड्यातल्या पाचोळ्यात मुरून गेले. मी सालीला हात लावून उभी होते, पाणी बोटांवरून वाहत होते. बिनकामाचे झाड!

या जंगलातून 30 किलोमीटरच्या आसपास लांबीचा रस्ता काढायचे ठरले आणि 1982 मध्ये काम सुरू झाले. दोन्ही प्रांतांतल्या निसर्गप्रेमींनी विरोध केला, तरी काम थांबेना. पुढे रस्त्याची आखणी आकाइशी नदीच्या उगमाकडे सरकली. त्यासाठी तिथल्या जंगलाला पाण्याचे उगम राखण्यासाठी दिलेले कायदेशीर संरक्षण उठवावे लागणार होते आणि कायद्याप्रमाणे हितसंबंधितांना लेखी हरकत घेता येत होती. 1987 मध्ये 13 हजारांहून जास्त हरकती आल्या. त्यांत आकाइशीकाठच्या साध्या गावकऱ्यांची पत्रेही होती. मार्च 1945 मध्ये याच नदीच्या खोऱ्यात बर्फ आणि पाण्याचा लोंढा येऊन एक अख्खी वस्ती वाहून गेली होती. डोंगर उघडा पडला तर काय होते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आओमोरीच्या गव्हर्नरांनी फेरविचाराची भाषा सुरू केली, 1990 मध्ये रस्ता रद्द झाला आणि 1993 मध्ये सुमारे 17 हजार हेक्टर जंगल जागतिक वारसा ठरले.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. पिढ्यान्‌पिढ्या इथे अस्वलाची शिकार करणारे, वाट न् वाट जाणणारे मातागी लोक आज या वारसा क्षेत्रात शिकार करू शकत नाहीत. अकिताच्या बाजूने तर गाभा क्षेत्रात शिरायलाच सर्वसाधारणपणे मनाई आहे. ज्यांच्या पायाखालचे जंगल राखायचे, त्यांनाच बाहेर ठेवणे मला पटत नाही.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढले होते. आकाइशीचे लोक मला परके वाटत नाहीत, ते त्यामुळे. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना 2014 पासून पुन्हापुन्हा निघते आहे. जुलै 2024 च्या मसुद्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर होते आणि हरकती-सूचनांना 60 दिवसांची मुदत होती. माझ्या माहेरच्या गावात हे कळले तेव्हा मुदत उलटून गेली होती. गावात कुणी बाजूने लिहिले असते, कुणी विरोधात. मी बाजूनेच लिहिले असते. पण लिहायची संधीच हुकली.

म्हणून आपल्याला विनंती आहे. पुढची अधिसूचना निघेल त्या दिवशी आपल्या आवृत्तीतल्या तालुक्यांमधील गावांची यादी, हरकत पाठवायचा पत्ता आणि शेवटची तारीख पहिल्या पानावर मराठीत, ठळक अक्षरांत छापा. आमच्या वाडीत कात्रणे वाटायचे काम मी करीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण