रविवारचा चित्रवर्ग : पालक सभासदांसाठी स्मरणसूचना

सर्व पालक सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारचा चित्रवर्ग नेहमीप्रमाणे सकाळी १० वाजता भरेल. मुलांना जुने कपडे घालून पाठवावे. खोडरबर देऊ नये.

मागील वर्गानंतर काही पालकांनी मुलांना “झाड कधी निळे असते का?” असे विचारल्याचे आढळले. हा वर्ग एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीचा नाही (त्या परीक्षांचे महत्त्व आहेच, पण तो विषय वेगळा); मुलांना मनातले चित्रातून मांडता यावे, यासाठी तो आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे राग, भीती किंवा हेवा नेमका सांगण्याइतके शब्द बहुधा नसतात. तीच भावना कागदावर उतरली की मुलाला ती समोर ठेवून पाहता येते, हवी तशी बदलता येते आणि नकोशी झाली तर बाजूलाही सारता येते. गेल्या वेळी एका मुलाने कागद फाटेपर्यंत काळा तेलखडू घासला आणि नंतर दुसऱ्या कागदावर त्याच खडूने शांतपणे एक खिडकी काढली. त्याला कोणीही काही विचारले नव्हते.

चित्रातून मन मोकळे करण्याची ही वाट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात, आजच्या चेक प्रजासत्ताकातील टेरेझिनच्या नाझी बंदिवासात चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी १९४२ ते १९४४ या काळात मुलांना चित्रकला शिकवली. तेथील मुलांची सुमारे ४,५०० चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात जपलेली आहेत.

तरी पालकांनी चित्राचा परस्पर अर्थ लावू नये, “याबद्दल सांगतोस का?” एवढेच विचारावे आणि चित्राचे छायाचित्र गटावर टाकण्यापूर्वी मुलाची परवानगी घ्यावी. मूल बरेच दिवस अस्वस्थ दिसत असल्यास मात्र केवळ चित्रवर्गावर न विसंबता समुपदेशकांना भेटावे.

— चित्रवर्ग समिती